कर्णधारपद हुकलेला विजेता

क्रिकेटच्या धावफलकावर विजेता ठरवणे सोपे असते. ज्या संघाच्या धावा अधिक, तो जिंकला. आयुष्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब इतका सरळ राहत नाही. परीक्षेतील टक्के, नोकरीतील पद, बँकेतील शिल्लक, नावापुढे लागणारी बिरुदे असे मोजमापाचे अनेक फलक आपल्याभोवती लावलेले असतात आणि त्यावरील आकडे वाचून आपण माणसांना यशस्वी किंवा अयशस्वी ठरवून मोकळे होतो. भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव अभ्यासक घेतात, त्या बाळू पालवणकर यांचे आयुष्य अशा फलकावर मांडायला गेले, तर निकाल गोंधळात टाकणारा लागतो. संघाला वर्षानुवर्षे विजय मिळवून देणाऱ्या या खेळाडूला त्या संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ज्या परदेश दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, त्या दौऱ्यात त्यांचा संघ बहुतेक सामने हरला. पुढे राजकारणात उतरल्यावर निवडणुकांतही त्यांच्या वाट्याला पराभवच आला. तरीही त्यांचे चरित्र वाचताना हा माणूस हरला, असे म्हणण्यास मन धजावत नाही. असे का व्हावे, याचा शोध घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

मैदान झाडणारा मुलगा

बाळू यांचा जन्म १८७६ मधला, धारवाडचा. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील गावाच्या नावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. जातीने ते चांभार, म्हणजे त्या काळच्या समाजरचनेत अस्पृश्य. वडील लष्कराशी निगडित नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात स्थिरावले. लष्करी वसाहतीच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना एक गोष्ट आपोआप मिळत असे. साहेब लोक खेळत असलेला क्रिकेट नावाचा खेळ त्यांना रोज पाहायला मिळे. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ हा खेळ शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले. एकाच घरातून चार उत्तम खेळाडू निघावेत, ही गोष्ट कोणत्याही काळात दुर्मीळच.

घरच्या परिस्थितीमुळे बाळूंना लवकर कामाला लागावे लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया वाढला आणि महिन्याला चार रुपये मिळू लागले. काम तेच होते. सरावाची जाळी लावायची, खेळपट्टी तयार करायची, गरज पडेल तेव्हा टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायच्या.

क्लबाचे काही सभासद सरावासाठी या तरुण नोकराला गोलंदाजी करायला लावू लागले. जे. जी. ग्रेग हे त्यांपैकी सर्वांत नामवंत. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेला हा लष्करी अधिकारी त्या काळी हिंदुस्थानातील अव्वल फलंदाजांत गणला जाई. इतरांच्या आधी तासभर मैदानावर येऊन तो बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी तो आठ आणे बक्षीस देत असे, अशी आख्यायिका आहे. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका बळीला आठ आणे, हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे त्या सरावामागची चिकाटी समजते.

मात्र या शेकडो तासांच्या सरावात बाळूंना एकदाही फलंदाजीची संधी मिळाली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि घाम नोकरांनी गाळायचा, अशी ती विभागणी होती. जी एक गोष्ट करण्याची मुभा होती, तीत त्यांनी पूर्णत्व गाठले. चेंडूची उंची, वेग आणि टप्पा यांत बदल करीत, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची कला त्यांनी याच जाळ्यांत कमावली. शिकवायला कोणी नव्हते. समोर मात्र देशातला सर्वांत चांगला फलंदाज उभा होता, आणि शिकण्यासाठी त्यांना तेवढे पुरले.

चेंडू एक, पेला वेगळा

या नोकराच्या गोलंदाजीची कीर्ती शहरात पसरली, तेव्हा पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. त्यांना युरोपियन संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्यांच्याच शहरात होता. पण तो अस्पृश्य होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर बरीच खळखळ झाली. काही सभासद अनुकूल होते, सनातनी वळणाचे काही जण कडवे विरोधक होते. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली, पण ती अर्धवटच. बाळू संघात आले.

मैदानात सगळे जण एकच चेंडू हाताळत. चहापानाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत जात आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या पेल्यात दिला जाई. तो पेला नंतर फेकून देत. जेवण वेगळ्या ताटात आणि वेगळ्या जागी. तोंड धुवायचे असेल, तर त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई आणि वरून ओती. दुपारी ज्याच्या गोलंदाजीवर संघ जिंकायचा, त्यालाच चहाला दाराबाहेर उभे राहावे लागे.

साताऱ्यातील एका सामन्याची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तेथील युरोपियनांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती टणक केली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. परतल्यावर पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला आणि जे खेळाडू बाळूंबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर जेवायलाही हवे, अशी भूमिका मांडली, असे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही सभेत त्यांचे कौतुक केल्याची आठवण नोंदली गेली आहे. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही गोटांतील अग्रणींनी गौरवावे, असा हा प्रसंग होता. त्या गौरवाने मातीचा पेला मात्र लगेच बाजूला झाला नाही.

१९०६ चा विजय

१८९६ च्या सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि बाळू मुंबईला आले. तेथे त्यांना नोकरीही मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात स्थानही. येथेही काहींनी आक्षेप घेतला, परंतु मुंबईचे वातावरण पुण्याहून थोडे मोकळे होते. पुढे बाळूंना जिमखान्याच्या वास्तूत इतरांबरोबर बसून खाण्याची मुभा मिळाली. पुण्यातील अनुभवाशी तुलना केली, तर हे एक मोठे पाऊल होते.

मुंबईच्या क्रिकेटचा तो ऐन भरातला काळ. पारशांनी १८८६ मध्येच इंग्लंडचा दौरा केला होता आणि १८९२ पासून त्यांचे युरोपियनांशी नियमित सामने होत. हिंदू संघ त्या पंक्तीत बसण्यासाठी धडपडत होता. १९०६ च्या फेब्रुवारीत ती संधी आली. मुंबईत युरोपियन संघाविरुद्धच्या सामन्यात हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांवर आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. त्यांचे बंधू शिवराम हेही संघात होते.

राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद स्वदेशी चळवळीच्या त्या दिवसांत किती मोठा असेल, याची कल्पना करता येते. परंतु या विजयाचा दुसरा अर्थही काही जणांच्या लक्षात आला. मुंबईतील इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी नियतकालिकाने अस्पृश्य बंधूंना संघात घेऊन बरोबरीने वागवण्याच्या निर्णयाकडे लक्ष वेधले आणि जुन्या रूढींतून राष्ट्राची सुटका होण्याच्या वाटेवरील ती एक खूण मानली. त्यानंतरच्या वर्षी, १९०७ मध्ये, हिंदू संघाच्या समावेशाने तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ते चौरंगी झाले. बाळू या सामन्यांचे एक प्रमुख आकर्षण होते.

इंग्लंडमधील उन्हाळा

१९११ च्या मे महिन्यात हिंदुस्थानचा पहिला सर्वजमातीय संघ इंग्लंडला निघाला. पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख खेळाडूंच्या या संघाचे नेतृत्व पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. महाराज अवघ्या काही सामन्यांपुरते मैदानावर दिसले. त्या वर्षी पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता आणि लंडनमधील मेजवान्यांना त्यांचा बराच वेळ गेला.

संघाची सुरुवात दारुण झाली. एकामागून एक सामने हातून गेले. पस्तिशीला आलेले बाळू मात्र चेंडू टाकत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले. जुलैमध्ये लेस्टरशायरवर संघाने पहिला विजय मिळवला, त्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ११ बळी टिपले. त्यापाठोपाठ सॉमरसेटवर एका गड्याने विजय मिळाला, तेव्हा शिवराम यांचे नाबाद शतक कामी आले. दौरा संपला तेव्हा हिशेब असा होता: २३ सामने, सहा विजय, १५ पराभव, दोन अनिर्णित. बाळूंचे बळी ११४, प्रत्येकी १९ पेक्षाही कमी धावांत.

पराभूत संघातील खेळाडू म्हणून ते परतले, पण मुंबईत त्यांच्या स्वागताला दलित समाज लोटला. या सत्कारातील मानपत्र भीमराव आंबेडकर या विशीतल्या तरुणाने लिहिले होते, असे सांगितले जाते. त्या पिढीतील शिकणाऱ्या दलित मुलांना बाळूंच्या रूपाने आपला पहिला नायक लाभला होता. संधी मिळाली तर आपला माणूस कोणाच्याही बरोबरीने, किंबहुना चार पावले पुढे उभा राहू शकतो, याचा पुरावा रोज वर्तमानपत्रांतून छापून येत होता. दौऱ्यातील १५ पराभवांनी त्या पुराव्याला बाध आला नाही.

न मिळालेले पद

सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू या नात्याने हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे जायला हवे होते. ते गेले नाही. १९१० नंतरच्या दशकात हा विषय वारंवार निघाला आणि दरवेळी मागे पडला. पद उच्चवर्णीय खेळाडूकडेच जात राहिले. कर्णधार एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळी जाहीरपणे मान्य केले होते, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंनाच मिळायला हवा होता. ज्याला पद मिळाले त्यानेच हे सांगावे, यात पै यांचा मोठेपणा होता. निवड करणाऱ्यांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० मध्ये हे प्रकरण टोकाला गेले. पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे झाले, तेव्हाही पालवणकर बंधूंना डावलून ते दुसऱ्याकडे सोपवण्यात आले. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून, जातीमुळे आपल्या घराण्याचा अवमान होत असल्याचे स्पष्ट म्हटले आणि ते संघातून बाहेर पडले. वृत्तपत्रांत चर्चा झाली, लोकमत बंधूंच्या बाजूने वळले. अखेर अंतिम सामन्यासाठी तिघांनाही परत बोलावण्यात आले. पै कर्णधार आणि बाळू उपकर्णधार, अशी तडजोड निघाली. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या काळात संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सुमारे पंचवीस वर्षांच्या वाटचालीत त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व ते एवढेच. याच वर्षी त्यांचे भाऊ गणपत यांचे तरुण वयात निधन झाले.

बाळूंची प्रथम श्रेणीतील कारकीर्द येथेच संपली. ३३ सामने, १७९ बळी आणि सरासरी १५.२१. प्रथम श्रेणीतील पहिला सामना ते तिशीच्या उंबरठ्यावर असताना खेळले होते, हे विसरून चालणार नाही. ऐन उमेदीची वर्षे जाळ्यांतील नोकरीत आणि नोंदी न राहिलेल्या सामन्यांत गेली.

तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांच्याकडे आले. महात्मा गांधींच्या अस्पृश्यता निवारणाच्या प्रचाराने तोवर वातावरण बदलू लागले होते. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. चाहत्यांनी या कर्णधाराला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. सवर्णांच्या खांद्यावर बसलेला अस्पृश्य कर्णधार हे दृश्य बाळूंच्या पुण्यातील दिवसांत कल्पनेतही आले नसते. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. या भावंडांचा प्रवास आज आपल्याला ठाऊक आहे, त्यात या मराठी पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

राजकारणाच्या मैदानात

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात वावरू लागले. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले आणि त्याविरोधात गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. त्या दिवसांतील वाटाघाटींत बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा हे मध्यस्थ म्हणून वावरत होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. पूना क्लबाच्या मैदानावर चार रुपयांवर राबलेला माणूस त्याच शहरात, देशाच्या राजकारणाला वळण देणाऱ्या दस्तऐवजावर सही करीत होता.

मात्र या काळात बाळू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. हिंदू समाजात राहूनच सुधारणा व्हावी, असे बाळूंना वाटे. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती त्यांना मान्य नव्हती. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एकेकाळी ज्याचे मानपत्र लिहिले, त्याच्याशीच लढत देण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. याआधी १९३३ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूकही बाळू हरले होते.

या पराभवाचा अर्थ लावताना घाई करणे योग्य होणार नाही. बाळूंच्या अनुभवाने त्यांना शिकवले होते, की बंद दार आतून हळूहळू उघडते. पुण्यातील मातीच्या पेल्यापासून मुंबईतील सहभोजनापर्यंतचा आणि आपल्या वगळण्यापासून विठ्ठलच्या कर्णधारपदापर्यंतचा बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. बाबासाहेबांचा अनुभव आणि अभ्यास त्यांना वेगळ्या निष्कर्षाकडे घेऊन गेला होता. लाखो माणसांना अशा संथ बदलाची वाट पाहत ठेवता येणार नाही, आणि प्रत्येकाच्या हाती बाळूंसारखी अलौकिक फिरकीही नसते, हा त्या भूमिकेतील मुद्दा नाकारता येत नाही. मतदारांनी आपला कौल दिला आणि इतिहासानेही तो मान्य केला.

मोजमाप कशाचे?

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता, अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली होती आणि भारतीय संघाने कसोटी सामनेही जिंकले होते. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर एकही कसोटी बळी नाही, कारण त्यांच्या काळात भारताला कसोटी दर्जाच नव्हता. आकड्यांवर पोसलेल्या पुढच्या पिढ्यांना त्यांचा विसर पडला, त्यामागे हेही एक कारण आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि बाळूंचे नाव पुन्हा चर्चेत आले.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. विजेता कोणाला म्हणावे? बाळूंच्या आयुष्यात दोन प्रकारच्या गोष्टी होत्या. काही इतरांच्या हाती होत्या. पेला कोणता मिळेल, कर्णधार कोण होईल, संघात कोणाला घेतले जाईल, मते कोणाला पडतील, हे दुसरे ठरवीत होते. अशा बहुतेक ठिकाणी निकाल त्यांच्या विरोधात गेला. दुसरी गोष्ट त्यांच्या हातात होती आणि ती म्हणजे चेंडू. तो त्यांनी तीन रुपये पगार असताना आणि लेस्टरच्या मैदानावर हरत्या संघासाठी खेळताना सारख्याच निष्ठेने टाकला.

परंतु केवळ निष्ठेचे कौतुक करून थांबणे हाही एक अन्यायच ठरेल. अपमान निमूटपणे सोसणे म्हणजे विजय, असा धडा त्यांच्या चरित्रातून काढता येणार नाही. १९२० मध्ये दोन भाऊ त्यांच्या अपमानाविरुद्ध उघड उभे राहिले, म्हणून तडजोडीपुरते का होईना उपकर्णधारपद मिळाले. आणि कर्णधारपद न मिळाल्याने बाळूंचे जे नुकसान झाले, ते खरेच नुकसान होते. पुढची कोणतीही कीर्ती ते भरून काढत नाही. त्याची लाज वाटायला हवी ती पद नाकारणाऱ्यांना.

तरीही मिळालेल्या पदांवरून त्या काळच्या किती कर्णधारांची नावे आज आपल्याला आठवतात? पतियाळाच्या महाराजांचे कर्णधारपद त्यांच्या गादीमुळे आले होते. बाळूंना जे मिळाले, ते प्रत्येक वेळी कोणाच्या तरी विरोधावर मात करून मिळवावे लागले. त्यांच्यामुळे एका जिमखान्यात जेवणाची पंगत बदलली, धाकट्या भावासाठी कर्णधारपदाची वाट मोकळी झाली आणि मुंबईच्या चाळीत शिकणाऱ्या मुलांना आपल्यातला एक जण वर्तमानपत्राच्या पानावर दिसला. त्यांच्या ११४ बळींबरोबर हे सारेही नोंदवहीत लिहिले, तर निकाल कोणत्या बाजूला झुकतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. आपापल्या कार्यालयांत, शाळांत आणि मैदानांवर आज आपण कोणाला कोणत्या पेल्यात चहा देतो, कोणाचे काम घेतो आणि कोणाला पद देतो, हे तपासून पाहणे मात्र आपल्या हाती आहे.